सावलीवरून काढलेली इमारत

विलासच्या शेवटच्या चित्रातली इमारत विलासने काढलेली नाही. ती मी काढली आहे. एवढं सांगायला दोन वाक्यं पुरतात, पण अडीच वर्षं मला ती सांगता आली नाहीत, आणि ज्याला सांगायची होती तो सहा आठवड्यांपूर्वी गेला. त्या सकाळी सव्वासातला सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मेंदूला दुसरा झटका, झोपेतच. मी "निघालोच" म्हणून फोन ठेवला आणि त्या क्षणी माझ्या मनात जो पहिला विचार आला तोही इथे लिहायला हवा, नाहीतर पुढचं सगळं लिहिणं खोटं होईल. माझ्या मनात आलं... सुटलो. आता सांगायला नको. मग हातातल्या गाळणीकडे लक्ष गेलं, सगळा चहा कपाबाहेर ओट्यावर गेला होता.

आम्ही दोघं नाशिकला एकाच आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो, एकाच महिन्यात. तो सटाण्याकडचा, मी निफाडचा. ऑफिसात तो सगळ्यांशी शहरातलं मराठी बोलायचा, पण खूश असला किंवा फार वैतागला की त्याच्या तोंडून 'आहे'ऐवजी 'शे' बाहेर पडायचं आणि आम्ही त्याला चिडवायचो. पहिली चार वर्षं आम्ही गंगापूर रोडला एका तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली घेऊन राहिलो. तेव्हा शहर तिथे संपत यायचं. इमारतीच्या मागे कुंपण आणि कुंपणापलीकडे सरळ द्राक्षबाग. खोलीत उकडायचं म्हणून रविवारी संध्याकाळी आम्ही गच्चीवर असायचो. तो कागदावर काहीतरी गिरवत, मी रेडिओचा कान पिळत.

ऑफिसात कामाची वाटणी आपोआप झाली. जुनी इमारत पाडून नवी बांधायची असली की आधी जुनीचा नकाशा लागतो. टेप आणि वही घेऊन विलास जायचा, खोलीनुखोली मोजून यायचा. त्याची वही म्हणजे घाईत काढलेल्या रेघा आणि आकडे. त्यावरून पक्का नकाशा मी काढायचो. एखादं माप राहिलेलं असायचं, एखाद्या घरात कपाट हलवू देत नसत म्हणून भिंत अर्धवट असायची. मी दुसऱ्या मापांवरून भूमितीने ती जागा भरून काढायचो आणि तो म्हणायचा, "तू भरलंस ना? मग बरोबरच असणार." तीस वर्षं हेच चाललं. तो अर्धवट आणायचा, मी पुरं करायचो. पाडायचं बांधकाम नकाशात पिवळ्या रंगाने दाखवतात, नवं लाल रंगाने. ह्या शहरातली किती घरं आम्ही दोघांनी मिळून पिवळी केली ह्याचा हिशेब लागणार नाही.

चित्रं तो घरी काढायचा. त्याच्या चित्रांत भोवतीचा मुलूख अगदी ओळखीचा असतो. सटाण्याकडची कांद्याची वावरं, चांदवडचे सुळके, उन्हाळ्यातलं गोदावरीचं कोरडं पात्र. आणि त्या मोकळ्या जागेत मधेच इमारतीचा एक तुकडा उभा. कांद्याच्या वावरातून निघून आभाळात संपणारा जिना. नदीच्या वाळूवर एकटी खिडकी, तिच्यातून पलीकडचा काठ दिसायला हवा तर दिसतो कुणाचातरी स्वयंपाकाचा ओटा, त्यावर उपडं घातलेलं पातेलं. डोंगराच्या पोटाला धरून गेलेली चाळीची गॅलरी. उजाड पठारावर सोळा टपालपेट्या, सगळ्यांवर नावं, आणि मैलभर माणूस नाही. बघणारे म्हणायचे स्वप्नातलं वाटतं. जाणकार अतिवास्तव म्हणायचे. विलासला दोन्ही शब्द आवडायचे नाहीत. एकदा एका प्राध्यापकांनी त्याला विचारलं, "हा जिना म्हणजे माणसाच्या आकांक्षेचं प्रतीक समजायचं का?" विलास म्हणाला, "नाही हो, तो द्वारका चौकाजवळच्या मंगल कार्यालयाचा आहे. बावीस पायऱ्या. सतरावी फुटकी आहे, बघा." आणि खरंच सतरावी फुटकी काढलेली होती. प्राध्यापक हसले, त्यांना वाटलं कलावंत आहे, टोलवतो आहे. तो टोलवत नव्हता. त्याच्या चित्रांतला प्रत्येक जिना, प्रत्येक खिडकी त्याने स्वतः टेप लावून मोजलेली होती आणि त्यातली एकही आता जागेवर नाही. पाडलेल्या घराची आठवण घराच्या जागेवर ठेवता येत नाही, तिथे नवी इमारत आलेली असते. म्हणून तो ती बाहेर माळावर नेऊन ठेवायचा. हे मला आज कळतं. तेव्हा मी त्याला म्हणायचो, "अरे, जिना आहे तर वर निदान एक स्लॅब तरी दाखव."

त्याची एक सवय सांगायला हवी. नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. नकाशात काही फेरफार केला की त्यात नोंद करायची: काय बदललं, कोणी बदललं, कधी. विलास अशी चौकट प्रत्येक चित्राच्या मागे, कॅनव्हासवर पेन्सिलीने आखायचा. 'ढग कमी केला. वि.' 'कठडा दोन इंच वर घेतला. वि.' मी हसायचो. तो म्हणायचा, "नकाशा बदलला आणि नोंद नाही केली तर साइटवरचा माणूस जुन्यावरच बांधत बसतो. मग भांडणं." "पण चित्रावर कोण बांधणार आहे?" "मीच की. मला उद्या कळायला नको का, काल मी काय केलं ते?"

अडीच वर्षांपूर्वी त्याचं पहिलं प्रदर्शन ठरलं. हॉल ठरला, पत्रिका छापून झाल्या आणि बारा दिवस आधी त्याला झटका आला. मेंदूत गुठळी. फार मोठी नव्हती. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मी भेटलो तेव्हा त्याने डोळे उघडून "बरं शे" म्हटलं आणि वहिनी रडायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, चालण्यात थोडा फरक राहील, मधली एखादी आठवण पुसट झाली असली तर घाबरू नका. प्रदर्शन पुढे ढकलायला विलास तयार नव्हता. वहिनींनी त्याच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "चित्रं तेवढी बघा भावजी. काही राहिलं असलं तर तुम्हालाच कळेल."

नऊ चित्रं होती. आठ पुरी. नववं खिडकीशी स्टँडवर होतं. पानगळ झालेली, छाटणी झालेली द्राक्षबाग, ओळीच ओळी, निफाडकडची असावी. उजवीकडे विजेचा एक खांब आणि त्याची लांब सावली. आणि मधून, सगळ्या ओळींवरून गेलेली एक प्रचंड मोठी सावली, इमारतीची. इमारत मात्र नव्हती. जिथून सावली सुरू होते त्या डाव्या बाजूला नुसती माती आणि आभाळ. मी पाहिलं आणि मला वाटलं, राहिली. बिचाऱ्याची इमारत काढायची राहिली.

मागे फिरून चौकट बघितली असती तर कळलं असतं. शेवटची नोंद होती, 'पूर्ण. वि.' मी बघितली नाही. मला सुचली ती भूमिती. खांब साधारण किती उंच असतो ते ठाऊक होतं, त्याची सावली चित्रात होती, म्हणजे ऊन किती तिरपं ते निघालं. त्यावरून इमारतीची उंची काढली, तीन मजले. रुंदी सावलीतच होती. वरच्या कडेला दोन लहान गोल उंचवटे होते, त्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या असणार असं धरलं. रविवारचा अख्खा दिवस मी त्याच्या खुर्चीत बसून त्याच्या ब्रशने, त्याच्या ॲक्रिलिक रंगांत ती इमारत उभी केली. विटकरी लाल. सरकत्या काचांच्या खिडक्या, सज्जे, वर दोन काळ्या टाक्या. सावलीत पिवळा मिसळलेला होता तोही मला दिसला, मी म्हटलं, संध्याकाळचं ऊन दाखवलंय. तीस वर्षं पिवळा रंग हातात धरलेला माणूस मी...

इथपर्यंत ती नुसती चूकच होती असं मी अजूनही स्वतःला सांगतो. मित्राचं काम अडलं, मी पुरं केलं, जन्मभर करत आलो तसं. पण त्या दिवशी हात धुताना मी फार खूश होतो, हेही खरं. त्याच्या चित्रात एकदाचं माझं काहीतरी आलं होतं.

प्रदर्शनात तेच चित्र गाजलं. एका स्थानिक पेपरात फोटो आला तोही त्याचाच. विलास शेवटच्या दिवशी काठी टेकत आला. पिंपळगावचे एक द्राक्ष पॅकहाऊसवाले गृहस्थ त्या चित्रासमोर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते, "बाकीच्यांत नुसते जिने न दरवाजे, आपल्याला झेपत नाय. ही बिल्डिंग मात्र खरी वाटते. हिच्यात माणूस राहील." विलास त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बराच वेळ. मग मला हाताने जवळ बोलावलं.

"मोहन, ही इमारत मी काढली?"

भोवती माणसं होती. ते गृहस्थ आमच्याकडेच बघत होते. मी म्हणालो, "मग कोणी काढली? तूच."

"कधी?"

"आजारी पडायच्या आधी. असं काय करतोस?"

त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी घरी परत आणलेली चित्रं आवरताना त्याने ते उलटं करून मागची चौकट वाचली. "इथे नोंद नाही रे." आणि मी... मला तेव्हाही सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "राहिली असेल. त्या दिवसांत तुझी तब्येत बरी नव्हती." तो "हं" म्हणाला. पॅकहाऊसवाल्यांनी चित्र मागितलं होतं, ते त्याने दिलं नाही. म्हणाला, "माझं आहे का नाही हेच मला कळत नाही, देऊ कसं?"

त्यानंतर त्याने ब्रश हातात घेतला नाही. मी दर गुरुवारी जायचो आणि दर गुरुवारी म्हणायचो, "काहीतरी काढ की." एकदा त्याने उत्तर दिलं, "हात काय काढतात ते मलाच कळत नसेल तर त्यांना ब्रश कशाला द्यायचा?" ते चित्र त्याने बैठकीत लावलं होतं, पण उलटं, पाठ खोलीकडे करून. येणारे बुचकळ्यात पडायचे. तो समोरच्या खुर्चीत बसून ती चौकट बघत राहायचा. घरात त्याने चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. गॅस बंद केला. गोळी घेतली. दार लावलं. प्रत्येक चिठ्ठीखाली 'वि.', आणि तरी उठून पुन्हा बघायला जायचा.

मागच्या वर्षी छाटणीनंतर त्याला बागा बघायच्या होत्या म्हणून मी गाडीने निफाडकडे घेऊन गेलो. रस्त्याकडेला थांबलो. दोन माणसं वावराकडे एकटक बघताहेत म्हटल्यावर एक शेतकरी बांधावरून चालत आला. "मोजणी हाय का सायेब? रस्ता जातो का काय आमच्यातून?" विलास म्हणाला, "नाही बाबा, नुसतं बघायला आलोय." "मंग बघा. बघायला कोन नाय म्हनतंय," असं म्हणत तो गेला, पण वळून वळून बघत. जवळच विजेचा खांब होता. विलास त्याच्या सावलीकडे बघत म्हणाला, "हा खांब मला आठवतो. ही सावली आठवते. मोठी सावली काढताना तीन दिवस लागले, तेही आठवतं. इमारत तेवढी आठवत नाही. अशी एवढीच गोष्ट कशी जाते रे डोक्यातून?"

मी म्हणालो, "विलास, तुला एक सांगायचंय."

"लवकर सांग, नाहीतर विसरेन," तो म्हणाला आणि स्वतःच मोठ्याने हसला.

मी पण हसलो. आणि म्हणालो, चहा घेऊ या.

असे किती गुरुवार गेले... कधी वहिनी समोर असायच्या, कधी त्याचा दिवस बरा जात असायचा, तर तो कशाला बिघडवा. कारणं मला कधी कमी पडली नाहीत. तो गेल्यावर चौदा दिवस मी त्या घरात सतरंज्या घातल्या, खुर्च्या हलवल्या, येणाऱ्यांना पाणी दिलं, आणि त्या उलट्या चित्रासमोरून जाताना खाली बघून गेलो. सुटलो असं वाटलं होतं ते दोन दिवसही टिकलं नाही. झोप लागेना, जेवण जाईना. पंधराव्या दिवशी गुरुवार होता. पाय आपसूक तिकडे वळले. वहिनी एकट्याच होत्या. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, किल्लीपासून निफाडपर्यंत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे त्यांचं डोकं ठीक होतं?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

"हो, वहिनी."

"जेवून उठले की मला विचारायचे, मी जेवलो ना गं? माहीत असायचं त्यांना. तरी विचारायचे." त्या ओट्याकडच्या चिठ्ठीकडे बघत होत्या. "मी चिडायचे हो त्यांच्यावर. किती वेळा तेच तेच, म्हणून ओरडायचे. तुमच्यामुळे ओरडले मी."

मी म्हणालो, "वहिनी, मला माफ करा."

"माफी माझ्याजवळ नका मागू," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ती माझी नाही."

त्या आत गेल्या आणि विलासची मोजमापाची एक जुनी वही घेऊन आल्या. त्याचं सामान आवरताना सापडली होती. त्यात त्या चित्राचा कच्चा आराखडा होता. बाग, खांब, मोठी सावली. सावली जिथून सुरू होते तिथे लिहिलेलं: 'इथे काही नाही.' आणि सावलीच्या वरच्या कडेला, त्या दोन गोल उंचवट्यांशी बाण काढून: 'गच्ची. रविवार, पाच वाजता. मो. आणि मी.'

मी खुर्चीत बसलो. विलासच्याच खुर्चीत बसलो हे नंतर लक्षात आलं. गंगापूर रोडची ती इमारत बारा वर्षांपूर्वी पाडली. तिचं मोजमाप विलासने केलं होतं, नकाशा मी पिवळा केला होता, इतर दहा कामांसारखा. पण रविवारी संध्याकाळी ऊन कलतं झालं की तिची सावली मागच्या द्राक्षबागेवर लांबच लांब पडायची आणि आम्ही दोघं गच्चीच्या कठड्याशी उभे राहून त्या सावलीत आपापलं डोकं शोधायचो. तो हात हलवायचा, तिकडे वेलींवर हात हलायचा. "आपण बघ कुठवर गेलो," म्हणायचा. मी त्या दोन डोक्यांच्या पाण्याच्या टाक्या केल्या होत्या.

"पुसता येईल का ती इमारत?" वहिनींनी विचारलं. मी म्हणालो, नाही. रंग पक्का बसलाय, काढायला गेलं तर खालचं त्याचं आभाळही निघेल. त्या म्हणाल्या, "मग राहू दे. पण नोंद करा."

टेबलावर त्याची पेन्सिल होती, टोक केलेली. उलट्या चित्रासमोर मी उभा राहिलो. चौकटीत 'पूर्ण. वि.' ह्याच्या खाली दोन ओळी रिकाम्या होत्या. पहिल्या ओळीत मी लिहिलं: 'डावीकडची इमारत आणि तिच्यावरच्या दोन टाक्या नंतर घातल्या. मूळ चित्रात नाहीत.' 'कोणी' ह्या रकान्यात तीस वर्षं फक्त 'वि.' यायचं. तिथे मी माझं पूर्ण नाव लिहिलं. एक ओळ उरली होती. तिच्यात लिहिलं:

'विलास, तू काहीच विसरला नव्हतास. मी विसरलो होतो, आणि तुझ्याशी खोटं बोललो. मला माफ कर.'